द्रौपदाबाई नदीवर का रडली

बिऱ्हाडे सरांचं पीएच.डी. का राहिलं, हे चोपड्यात लोक अजून मला विचारतात. सरांना विचारायची कुणाची छाती होत नाही, मग मी बाजारात वांगी निवडत असले की मला गाठतात. "मॅडम, सरांचं ते रशियाचं काय झालं हो?" मी म्हणते, आता रशियाचंच काही उरलं नाही, सरांचं काय घेऊन बसलात. लोक हसतात, मीही हसते आणि वांगी घेऊन घरी येते. खरं कारण भाजीबाजारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. ते माझ्या सासूच्या, द्रौपदाबाईच्या गळ्यात तीस वर्षं अडकलेलं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये ते बाहेर पडलं तेव्हा मी तिथेच होते, हातात पेजेची वाटी घेऊन. त्याच पावसाळ्यात ती गेली. सरांनी त्यानंतर प्रबंधाला हात लावला नाही.

मी कुंदा. माहेर धुळ्याचं, वडील गिरणीत होते. मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि समोरचा चुकला की गप्प बसवत नाही. नवरा चुडामण बिऱ्हाडे, कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक. घरात मी त्यांना 'सर'च म्हणते. आधी चेष्टेने म्हणायचे, मग तेच नाव पडलं.

सरांचं गाव चोपड्याच्या खाली, तापीच्या काठाला. आमच्या वस्तीला तेव्हा महारवाडा म्हणत. वाड्याची मरीमाय माझ्या सासऱ्यांच्या घरात असायची. देवीची सेवा त्यांच्या घराण्याकडे होती. कडुनिंबाच्या लाकडाची, उभ्या माणसाच्या कमरेएवढी, तोंडाला शेंदूर थापलेला, पितळेचे डोळे, आणि अंगावर बारा महिने हिरवं लुगडं. गावात पटकीची साथ आली की सरांचे आजोबा तिला डोक्यावर घेऊन शिवेबाहेर पोचवायला निघत. आमची सावली पडली तरी अंघोळ करणारी मोठमोठी घरं त्या दिवशी मात्र दारात नारळ घेऊन उभी राहायची. भीती वाटली की विटाळ कुठे पळतो कोण जाणे.

छप्पनच्या दसऱ्याला माझे सासरे, उखर्डू नाना, वाड्यातल्या चार माणसांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढच्या हिवाळ्यात सगळ्या वाड्याने दीक्षा घेतली. घराघरातले देव टोपल्यांत भरून तापीवर नेले. खंडोबाचे टाक बुडाले. म्हसोबाचे दगड तर पडता पडताच बुडाले. मरीमाय बुडाली नाही. लाकूड ते, तरंगणारच. पण लाकडाला दगड बांधावा लागतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेतावर ओंडके वाहणारी, बैलगाड्या दुरुस्त करणारी माणसं ही! देवीला दोरीने आवळायचं हे त्या हातांना सुचलंच नाही, इतकंच मला समजतं.

डोहाचं पाणी तिथे गोल फिरतं. मरीमाय मधोमध गेली आणि फिरून पुन्हा काठाला आली. बाया कुजबुजायला लागल्या. उखर्डू नानांनी केळीला टेकू द्यायचा बांबू आणवला आणि तिला ढकललं. ती परत आली. नानांनी परत ढकललं. मग चार-पाच जण बांबू घेऊन काठाकाठाने धावले आणि खालच्या खळाळापर्यंत तिला लोटत नेलं, कुठे अडकू दिलं नाही.

आणि त्या वेळी काठावर द्रौपदाबाई रडली. साधं डोळे पुसणं नव्हे. जमिनीवर बसून, माती मुठीत धरून, छाती पिटून रडली. सर तेव्हा सात वर्षांचे होते, तिचं लुगडं धरून उभे होते. आईला असं रडताना त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही.

वाड्याने त्याचा एकच अर्थ लावला: उखर्डूच्या बायकोचा जीव अजून मरीमायमध्ये आहे. नानांच्या तर ते काळजाला लागलं. सगळ्या वाड्याला पुढे घेऊन जाणारा माणूस, आणि त्याचीच बायको देवीसाठी धाय मोकलून रडते! माणूस वाईट नव्हता. दारू शिवला नाही, बायकोवर हात उचलला नाही, पोराला शिकवायला गहाण ठेवण्यासारखं होतं ते सगळं ठेवलं. पण त्या दिवसापासून तो बायकोला 'अर्धी' म्हणायला लागला, म्हणजे अर्धीच बौद्ध. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला प्रतिमेपुढे मेणबत्ती लावायची वेळ आली की म्हणायचा, "वहूले बलाव. चुडामणनी माय अर्धी शे." मी नवी सून, मला वाटायचं नातं चिडवण्यातलं आहे. ती पदर खोचून स्वयंपाकघरात निघून जायची आणि मी सासूच्या आधी मेणबत्ती लावायचे. एक्याऐंशी साली नाना गेले. जाईपर्यंत त्यांनी तो शब्द सोडला नाही, आणि तिनेही एकदा उलटून उत्तर दिलं नाही.

आता यात रशिया कुठून आला, ते सांगते.

सर पुण्याला एम.ए.ला होते तेव्हा ग्रंथालयात त्यांच्या हाती स्लाव्ह लोकांच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक पडलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी बल्गार, मोराव्हियातले लोक, पोलंडवाले, रशियाकडचे, असे सगळे स्लाव्ह एकेक करून ख्रिस्ती झाले, त्याची हकिगत. त्यात कीव्ह नावाचं शहर होतं आणि व्लादिमिर नावाचा राजा होता. त्या राजाने आधी टेकडीवर एक लाकडी देव उभा केला होता, गडगडाटाचा देव, नाव पेरुन. डोकं चांदीचं, मिशा सोन्याच्या. पुढे राजाने धर्म बदलला. मग तोच देव घोड्याच्या शेपटीला बांधून टेकडीवरून ओढत आणला, काठ्यांनी बडवला आणि नीपर नदीत टाकला. आणि राजाने काठाकाठाने माणसं धाडली, की हा कुठे काठाला लागला तर ढकला, खळाळ ओलांडून जाईपर्यंत थांबू देऊ नका.

सर सांगतात, ते वाचलं आणि पुस्तक हातातून खाली ठेवावं लागलं. तो बांबू त्यांनी पाहिलेला होता. तो त्यांच्या बापाच्या हातात होता.

त्या हकिगतीत पुढे एवढंच आहे की देव नदीकडे ओढत नेत होते तेव्हा लोक रडले. का रडले, ते नाही. बायका रडल्या की पुरुष, ते नाही. घरी जाऊन रात्री काय जेवले, तेही नाही. लगेच दुसऱ्या दिवशीचा हुकूम: सगळ्यांनी नदीवर यायचं, न येईल तो राजाचा वैरी. आणि सगळे गळ्याएवढ्या, छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले, लहान पोरं हातांवर उचलून. हजार वर्षांत एवढ्या माणसांच्या रडण्याला तिथे एक ओळ मिळाली होती. सरांनी ठरवलं, आपण त्या ओळीवर लिहायचं.

पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, "बिऱ्हाडे, तुमच्या समाजावर लिहा ना. रशिया कशाला?"

सर म्हणाले, "सर, हे माझ्याच समाजावर आहे."

मार्गदर्शकांना तो विनोद वाटला. कॉलेजातल्यांनाही वाटायचा. "काय बिऱ्हाडे, तुमच्या व्लादिमिरला शिष्यवृत्ती मिळाली का?" असं विचारून चहा प्यायचे. सर खालमानेने हसायचे आणि घरी आले की माझ्यावर डाफरायचे, "आम्ही काय जन्मभर आमच्यावरच लिहायचं? यांनी शिवाजीवर लिहायचं, फ्रान्सवर लिहायचं, आणि आम्ही फक्त आमच्या वस्तीवर?" मी म्हणायचे, अहो पण तुम्ही लिहिताय तर वस्तीवरच. मग ते आणखी चिडायचे. त्यांनी टपालाने रशियन भाषा शिकायला घेतली. रशियातून येणाऱ्या गुळगुळीत मासिकांची कव्हरं चोपड्यातल्या सगळ्या पोरांच्या वह्यांना असायची. आमच्या घरात मात्र पोरींनी त्या पानांना हात लावायचा नाही असा नियम होता. मी वर्तमानपत्राची कव्हरं घालत बसायचे.

प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यांच्या जिवाचं. त्याचं नाव 'दुहेरी श्रद्धा'. वरून नवा धर्म घेतला, पण मनात जुने देव जिवंत ठेवले, असं स्लाव्ह लोकांबद्दल इतिहासकार सांगतात. पेरुन गेला, पण त्याचा गडगडाट लोकांनी एका ख्रिस्ती संताला देऊन टाकला. सरांचं म्हणणं, नदीकाठचं रडणं म्हणजे या दुहेरी श्रद्धेचा पहिला पुरावा. आणि हे त्यांना इतकं खात्रीने का वाटायचं? कारण त्यांनी आई रडताना पाहिली होती. त्या प्रकरणाचा पाया म्हणजे माझ्या सासूचे डोळे. फक्त त्याला तळटीप देता येत नव्हती.

पण तेच प्रकरण त्यांना खायलाही उठायचं. एकदा म्हणाले, "कुंदा, तिकडे राजाचा हुकूम होता. इकडे कुणाचा होता? आपण आपल्या पायांनी गेलो, माणूस म्हणून जगायला गेलो. मग माय का रडली? नानांनी तिच्यावर जबरदस्ती केली असेल, तर नानाच माझे व्लादिमिर झाले. आणि केली नसेल, तिच्या मनात मरीमायच असेल, तर ती इतकी वर्षं माझ्या शेजारी हात जोडून खोटं बोलत आली." दोन्हींतलं एक तरी खरं असणार, आणि कुठलंही खरं ठरलं तरी घर मोडणार, असं त्यांचं होतं. माझं डोकं एवढं चालत नाही. मी म्हटलं, जाऊन विचारा ना तिला.

त्यांनी काय विचारलं नव्हतं? वर्षानुवर्षं विचारत होते. "माय, तू नदीवर का रडनी व्हती?" ती म्हणायची, "डोयाम्हा पानी उडनं व्हतं." कधी म्हणायची, "थंडी वाजी ऱ्हायनी व्हती." एकदा म्हणाली, "तुना बापना बांबू मोडी जाई, म्हणीसन रडनू," आणि स्वतःच हसत सुटली.

बाई हसरी होती, हे सांगायला हवं. लोकांना ती गप्प वाटायची, पण चुलीपाशी तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा. माझी पहिली भाकरी हातात धरून उजेडाला नेऊन म्हणाली होती, "वहू, हाई भाकर शे का धुये जिल्हाना नकाशा?" तरुणपणी केळीच्या बागांत निंदणी केली, कापूस वेचला, पोराच्या फीसाठी लोकांची जनावरं राखली. नाना गेल्यावर आमच्याकडे चोपड्याला आली. सकाळी दारात बसून मिसरी लावायची, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना नावं ठेवायची. माझ्या दोन मुली तिच्या अंगावर लोळायच्या. त्यांना मांडीवर घेऊन बसली की तासन् तास उठायची नाही, पायाला मुंग्या आल्या तरी उठायची नाही. मी ओरडायचे, माय, उतरवा की त्यांना, घोड्या झाल्यात. ती ऐकायची नाही.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. मिसरीने सोललं असेल म्हणून तिने तूप लावलं. संक्रांतीला गाल सुजला. जळगावच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. मुंबईला नेलं, शेक दिला, परत आणलं. उन्हाळा लागेपर्यंत आजार गळ्यात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आवाज जाईल, मग गिळणं. त्यांनी ते अगदी रोजच्या आवाजात सांगितलं. चूक त्यांची नाही, त्यांच्याकडे रोजच येत असतील.

परतताना एस.टी.त सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं रडतायत. ते म्हणाले, "म्हणजे ती आता सांगणारच नाही."

मला इतका संताप आला! आई मरायला टेकलीय आणि या माणसाला प्रकरण चौथं दिसतंय. मी एस.टी.तच म्हटलं, "तुम्हाला आई पाहिजे की प्रबंध पाहिजे?" लोक वळून पाहायला लागले.

ते म्हणाले, "मला दोन्ही नाही मिळणार, कुंदा." मग हळू आवाजात म्हणाले, "तिकडे हजार वर्षं झाली. त्या काठावरच्या एकाही बाईला कुणी विचारलं नाही, बाई, तू का रडतेस. माझ्या घरात त्यातली एक जिवंत आहे. ती न सांगता गेली तर मी कोण? त्या लिहिणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय?"

आणि तेव्हापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी वेडच म्हणेन.

सरांनी कॉलेजातून टेपरेकॉर्डर आणला. तिच्या उशाशी ठेवला, बटण दाबलं आणि समोर बसून राहिले. तिने डोळे मिटून घेतले. टेपवर आमच्या पंख्याची घरघर आली आणि रस्त्यावरच्या केळीच्या ट्रकांचे हॉर्न. मग गावाहून चिंधा आबांना घेऊन आले. आबा त्या दिवशी बांबू घेऊन काठाने धावणाऱ्यांतले शेवटचे जिवंत. सरांनी विचारलं, माय का रडली? आबा म्हणाले, "का म्हंजे? तिले मरीमाय आवडे. दुसरं काय राही!" ती पलीकडे पडून ऐकत होती. तिने कूस बदलली, एवढंच.

दिवसेंदिवस तिचा आवाज बसत चालला. आधी घोगरा झाला, मग नुसता श्वासाचा राहिला. प्रत्येक शब्दाला तिला दुखायचं, म्हणून ती पाणी हवं असलं तरी बोटाने दाखवायची. आणि सर शब्द मोजत बसल्यासारखे तिच्या तोंडाकडे पाहत बसायचे. माझ्या मुली घाबरून शेजारी अभ्यासाला जायला लागल्या. मी भांडायचे, रडायचे, भाताचं भांडं आपटायचे. कशाचा उपयोग नव्हता. घरात एक माणूस मरत होतं, दुसरं वेडं होत होतं, आणि मी मधे उभी राहून पेज ढवळत होते.

जूनमध्ये वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बातमी आली, रशियात ख्रिस्ती धर्माची सहस्राब्दी साजरी होतेय. पुण्याहून मार्गदर्शकांचा निरोप आला: बिऱ्हाडे, तुमचं नशीब जोरात आहे, यंदाच प्रबंध द्या, चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष तेवढा पक्का करा. त्या दिवशी दुपारी सर कॉलेजातून घरी आले तेच तांबारलेले. वीज गेलेली होती. मी तिला चमच्याने पेज भरवत होते. निम्मी पेज ओघळत होती आणि मी टॉवेलने पुसत होते.

सर चपला न काढता आत आले. कॉटच्या कडेला बसले आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

"माय, आज सांग. नानानी तुले बळजबरी करी व्हती का? बोलू नको, नुसती मान हालाव. हा का ना?"

मी म्हटलं, "अहो, सोडा तिला!"

त्यांना ऐकूच गेलं नाही. "तुले मरीमाय पाहिजे व्हती का? इतला वरीस तू तिलेच भजी ऱ्हायनी का? तसं व्हई तरी सांग. मी रागावत नही. माय, मी तुना पाय धरस, पन अशी मुकी मरू नको." आणि ते खरंच तिच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. अडतीस वर्षांचा माणूस, कॉलेजचा प्राध्यापक, आईच्या पायांवर डोकं घासत होता. मी चमचा खाली ठेवला.

द्रौपदाबाईने त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग तिने मला खूण केली, मला बसव. मी तिच्या पाठीमागे उशी लावली. ती बोलायला लागली तेव्हा मला वाकून तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला, सरांनीही नेला. एकेक शब्दाला ती थांबत होती. मी ते तसं थांबत थांबत लिहू शकत नाही.

"तुना आगोदर माले दोन पोरी व्हत्यात," ती म्हणाली. "शेवंता अन् भागा."

सरांना दोन बहिणी लहानपणीच गेल्या एवढं माहीत होतं. त्या काळी कुणाच्या घरात लेकरं गेली नव्हती? नावं मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मीही.

"पटकी उनी. एकच दिनमा दोन्ही गयात. मी रडाले बठनू तं तुनी आजीनी मना तोंडवर हात ठेवा. बोलनी, रडू नको. मायनी नेल्यात. मायना मांडीवर खेयतस त्या. तू रडनी का माय त्यासले मांडीवरथीन उतारी देस, मंग त्या भूत व्हईसन फिरतीन."

ही आमच्यातली जुनी रीत. मरीमायने नेलेलं लेकरू मेलं म्हणायचं नाही, आणि त्याच्यासाठी रडायचंही नाही. मी ऐकून होते, पण रीत म्हणून. एका बाईने ती खरोखर पाळली असेल, असा विचार माझ्या मनात आला नव्हता.

"मी नही रडनू," द्रौपदाबाई म्हणाली. "माय मना घरमाच बठेल व्हती, कोपराम्हा. मी झाडू मारू, सयपाक करू, अन् तिना लुगडाकडे देखू. माले वाटे, आठेच शेत मन्या पोरी. तिना मांडीवर. तू व्हयना, तव्हय तुले भी तिना मोरे नेईसन दखाडं. बोलनू, देखा वं, भाऊ उना तुमना."

मी तिला पाणी पाजलं. तिला ठसका लागला, आम्हाला वाटलं आता संपलं. पण तिने पुन्हा हात वर केला. लुगड्याचं सांगायचं होतं तिला. देवीला अंघोळ घालणं, लुगडं नेसवणं हे काम घरातल्या पुरुषांचं. बायांनी मरीमायचं उघडं अंग पाहायचं नाही, डोळे जातात. तिने लग्न होऊन आल्यापासून देवीचा चेहरा पाहिला होता आणि हिरवं लुगडं पाहिलं होतं.

"नदीवर तुना बापनी बांबू लावा. लुगडं निंघी गयं. ती उलटी व्हयनी." तिचे डोळे एकदम मोठे झाले, जणू आमच्या भिंतीवर तिला तापी दिसत होती. "मांडीच नव्हती तिले. खाले नुसतं लाकूड. पाठ पोकय, वायवी लागेल. मांडीच नव्हती रे, भाऊ."

सरांनी तिच्या गळ्याशी ओघळलेलं पाणी टॉवेलने पुसलं.

"तव्हय मी रडनू. मायकरता नही. मंग मन्या पोरी इतला वरीस कोठे बठेल व्हत्यात?"

त्या दिवशी काठावर सगळा वाडा होता, आणि सगळ्यांना वाटलं ती देवीला रडतेय. ती दोन लेकरांच्या मेल्याचं रडत होती, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. त्या लेकरांना तिने तोपर्यंत मरू दिलंच नव्हतं.

"मंग नानाले का नही सांगं?" सरांनी विचारलं. "ते तुले मरापावत अर्धी बोलनात, माय."

"पोरी त्याना भी व्हत्यात," ती म्हणाली. "माय खोटी शे, इतलंच त्याना ध्यानमा उनं. पोरींना इचार उनाच नही त्याले. मी सांगतू, तं तो बांबू त्याना हातम्हा ऱ्हाता का?" श्वास घेऊन म्हणाली, "बोलू दिधं. अर्धी तं अर्धी."

खोलीत उकाडा होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सरांना त्यांचं उत्तर मिळालं होतं. बाप व्लादिमिर नव्हता, आई खोटारडी नव्हती, आणि चौथं प्रकरण पहिल्या ओळीपासून चुकलेलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही नव्हतं. मागून मागून जे मागितलं ते हातात पडल्यावर माणूस असा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. देव करो आणि कुणाला काही इतकं मागायची वेळ न येवो. देव म्हणते मी, बघा, सवयीने.

मग द्रौपदाबाईने सरांची हनुवटी धरली, लहान पोराची धरावी तशी.

"तू इतलं शिकना," ती म्हणाली. "इतल्या पोथ्या वाच्यात. दूर देशना लोकेसनं बठ्ठं तुले माहीत शे. मंग माले सांग. मन्या पोरी कोठे शेत?"

तिला खरंच विचारायचं होतं. टोमणा नव्हता, कोडं नव्हतं. राबून राबून तिने पोराला शिकवलं, त्यात कुठेतरी हीही आशा असेल की हा शिकेल आणि एक दिवस सांगेल. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रोज चाळीस पोरांच्या प्रश्नांची उत्तरं देते. मी पेजेची वाटी उचलून हातात घेतली.

सर तिच्या आणखी जवळ सरकले. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस. कुणी अंगारा पुढे केला तर हात मागे घेणारा, पोरींच्या गळ्यात काळा दोरासुद्धा बांधू न देणारा. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाले, "मायपाशीच शेत त्या. मांडीवरच शेत तिना. तू नीट देखं नही व्हई, माय. पानी व्हतं ना, गढूळ व्हतं..."

ती त्यांना बोलू देत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला तर वाटलं, ती हे ऐकून डोळे मिटेल, आणि मिटू दे, असंच मी मनात म्हणत होते.

तिने हळूच आपला हात सोडवून घेतला.

"खोटं नको बोलू, भाऊ," ती म्हणाली. "लाकूड व्हती ती. मी देखं."